टेस्ट कशावर देतेयस?

बाळा,

काल मी फोन आपटला, चूक माझीच. तू म्हणालीस "सीओटूच्या तारेवर हात बसलाय, वेल्डिंगची टेस्ट त्याच्यावरच देते" आणि माझं डोकं सटकलं. आई तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी, त्यामुळे लिहायला वेळच वेळ आहे.

एकच विचारायचंय. कामाचं डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्ड कुठल्या प्रोसेसने आणि कसं करायचं तो कागद, काय आहे ते विचारलंस का? एएसएमईच्या सेक्शन नाईनमध्ये, म्हणजे वेल्डर टेस्टच्या कोडमध्ये, ज्या प्रोसेसवर पास होशील त्याच प्रोसेसवर काम, दुसरी हवी तर टेस्ट परत. हाताला सोपं काय हे नंतर बघायचं.

तुला कधी सांगितलं नाही, दादाला थोडं माहितीये. तू व्हायच्या आधी मी 6जी टेस्ट दिली होती, 45 अंशात तिरका पाइप, तो हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं. पूर्ण रॉडने भरला, रूट म्हणजे तळाचा पहिला थर 60-10 रॉडने आणि वर 70-18. वेल्ड वाकवून बघतात त्या बेंड टेस्टला एक चीर नाही. कार्ड खिशात घालून रुबाबात कामावर गेलो तर तिथे रूट आर्गनचा, म्हणजे टिग वेल्डिंगचा. गेटवरून परत. कोणी सांगितलंच नाही असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय, खरं तर मीच विचारलं नव्हतं. विचारलं तर याला काही येत नाही असं वाटेल, म्हणून.

तर विचारलंस का?

सीओटू वाईट असं नाही गं, तो माझा जुना राग आहे. पण तू ती तार टपटप आवाजात चालवतेस ना, शॉर्ट सर्किटवर, तिथे वरून बीड झकास दिसतं आणि कडेला मेटल नुसतं टेकलेलं असतं, आत धरलेलं नसतं. म्हणूनच तर त्या मोडला वेल्डरची टेस्ट एक्स-रेवर पास करत नाहीत, बेंडच द्यावी लागते. त्यात वारा आला की गॅस उडाला आणि पोरोसिटी, वेल्डमध्ये छिद्रंच छिद्रं. हां, आर्गनचंही तेच, मान्य.

माझं ऐकशील तर रूट आर्गन आणि वर रॉड, एकाच कूपनवर, म्हणजे टेस्टच्या तुकड्यावर, दोन्ही प्रोसेस पदरात पडतात. फक्त आर्गन 3 मिमी भरलंस तर पुढे कामावर त्याची रेंज 6 मिमी जाडीपर्यंतच, आणि रॉडचे किमान 3 लेयर होऊन 13 मिमी भरलं तर जाडीला वर मर्यादा नाही. पण त्यातला एक भाग फेल तर अख्खं कूपन फेल. इथेच माझ्या पोटात गोळा येतो, कारण रॉडचं काही अडलं तर मी फोनवर आवाज ऐकून सांगेन, आर्गनचं मला तुला काहीच सांगता येणार नाही.

झालं, लेक्चर सुरू. सॉरी.

काकाच्या शेडमध्ये पहिल्यांदा रॉड चिकटवलास ते आठवतं? होल्डर ओढता ओढता स्टँडच आडवा केलास, हेल्मेट नाकाखाली आलेलं आणि आतून रडू ऐकू येत होतं, मी काढायला गेलो तर म्हणालीस हात लावू नका. तेव्हाच मला कळायला हवं होतं की पुढे हिला काही सांगायची सोय राहणार नाही. मागच्या महिन्यात पाइपच्या आतून काढलेला रूटचा फोटो पाठवलास तो मी शॉपमध्ये सगळ्यांना दाखवला, दोनदा दाखवला असं ते म्हणतात. इतका एकसारखा रूट मला 60-10 ने कधी पडला नाही. मग तुला सीओटूच कशाला सुचतं? घाई आहे म्हणून? का माझ्यासारखंच, विचारायला लाज वाटते म्हणून?

जाऊ दे. आणि 70-18 ओव्हनमधून लागतील तेवढेच काढ, उघड्यावर ठेवलेस की ओल धरतात. हे तुला माहितीये.

कुठली घ्यायची ते तू ठरव, खरंच. फक्त आधी विचार, आणि विचारलंस की मेसेज टाक. फोन नको, मी परत ओरडेन.

बाबा