आमच्या चेडवाच्या (मुलीच्या) सिस्टरांना

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण मास्कच्या वरून नुसत्या डोळ्यांनी दटावणाऱ्या सिस्टर कोण, हे नवजात बाळांच्या त्या वॉर्डातल्या बाकीच्या आया लगेच ओळखतील.

२९ व्या आठवड्यात माझं बीपी चढलं. देवगडातून रात्रीच १०८ ने हलवलं आणि मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन सुरू झालं. अंगातून गरम वाफ फिरल्यासारखं झालं. मग कोणी ना कोणी येऊन गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचं, लघवीची पिशवी तपासायचं. का, ते विचारायचं भान तेव्हा कोणाला होतं!

मुलगी झाली, अकराशे ग्रॅमची. रडणं अगदीच बारीक. हातपाय सैल, शी होत नाही, नळीतून दिलेलं दूध पोटात तसंच राहतंय, मध्येच श्वास थांबतोय. सासूबाई काचेबाहेरून एकच विचारत होत्या, "चेडू हलणा कशाक नाय गो?" आणि घरच्या मंडळींनी तोवर निकालही लावून टाकला होता: इंजेक्शन जास्त झालं.

अशा वेळी "काळजी करू नका" म्हणून कोणीही पुढे गेलं असतं. तुम्ही बाकावर टेकलात आणि म्हणालात, "आजी, इंजेक्शनाचा संबंध असू शकतो. ऐका." आईच्या रक्तातलं मॅग्नेशियम नाळेतून बाळाकडे जातं. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप ते मंद करतं, म्हणून अंग सैल पडतं, आतडीही सुस्तावतात. जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे जायचं, पण हिची मूत्रपिंडं अजून कच्ची, त्यामुळे उतरायला काही दिवस लागणार. रिपोर्टातला ३.९ हा आकडाही तुम्ही दाखवलात. एरवी तो दीड ते अडीचच्या आसपास असतो. आणि लगेच बजावलंत, की सगळं खापर मॅग्नेशियमवर फोडून आम्ही गप्प बसणार नाही. इतक्या लवकर जन्मलेलं बाळ सुस्त असायला जंतुसंसर्ग, साखर, अपुरी वाढ अशी कारणंही असतात, त्यांच्याही तपासण्या चालू आहेत.

माझ्या दिरांचं मेडिकल आहे. त्यांनी विचारलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर खनिजं कमी असतात ना, मग सलाईनमधून मॅग्नेशियम का देत नाही? प्रश्न चांगला होता, तुम्हीही तसं म्हणालात. बाळाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, म्हणजे हिचा कमीच. पण आत्ता रक्तात जास्त आहे. म्हणून पहिले दिवस तिच्या सलाईनमध्ये ते घालायचं नाही, रक्त तपासत राहायचं, पातळी उतरली की हिशेबाने सुरू करायचं. पुढे झालंही तसंच.

मग मीच विचारलं, असं होतं तर मला दिलंच कशाला? तुम्ही दोन कारणं सांगितलीत. मला झटके येऊ नयेत म्हणून, आणि हिच्या मेंदूसाठी. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असेल तर हे औषध बाळाच्या मेंदूला जपतं; मोठ्या चाचण्यांमध्ये सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर कायमचा परिणाम होण्याचं, प्रमाण त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं आहे. "खात्री नाही हां, पण धोका कमी होतो," हेही तुम्हीच वर जोडलंत. त्या "खात्री नाही"मुळेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

हळूहळू तिने पाय झाडायला सुरुवात केली. पहिली शी झाली तेव्हा सासूबाईंनी रामेश्वराला नारळ बोलला! नंतर कांगारू केअरसाठी तिला माझ्या छातीवर बांधताना तुम्ही त्यांनाही जवळ बोलावलंत, बघून ठेवा, घरी तुम्हालाच करायचंय म्हणून. घरी गेल्यावर "इंजेक्शन जास्त झालं" म्हणणाऱ्यांना सगळं समजावलं ते त्यांनीच, आणि माझ्यापेक्षा बरं.

सिस्टर, तुमचे मनापासून आभार. डोळ्यांची तपासणी तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेळेवर झाली, आता कानांची आहे. पुढच्या महिन्यात येतोय. सकाळच्या ड्यूटीला असाल तर बरं, सासूबाईंना तुम्हाला चेडू हातात घेऊन दाखवायचं आहे, आणि आंबे घेणार नाही असं म्हणालात तर त्या ऐकायच्या नाहीत.

तुमची,
देवगड तालुक्यातली एक आई