खांद्यावरच्या दोन बोटांसाठी, कोच

प्रिय कोच,

तुम्हाला मराठी येत नाही. फ्रेंचमध्ये एक कार्ड मी तुमच्या हातात दिलंय, पण माझं फ्रेंच ‘मेर्सी बोकू’च्या पुढे फारसं सरकत नाही. त्यामुळे जे सांगायचं होतं ते सगळं आतच राहिलं. ते आता माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. इथे कॅनडात, मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लावालच्या बर्फाच्या रिंकवर लहानथोर सगळे तुम्हाला कोचच म्हणतात.

आमच्या घरात हॉकी म्हटलं की माझ्या बाबांना खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. नातू बर्फावर हॉकी खेळतो हे त्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही. ‘तिकडे क्रिकेट नसतं का गं?’ हा प्रश्न दर फोनला ठरलेला. असतं, बाबा. पण मॉन्ट्रियलच्या शेजारी राहणाऱ्या पोराला शाळेत मित्र हवे असतील तर हिवाळ्यात स्केट्स घालावेच लागतात. धाकट्याने घातले, आणि मग काढेचना.

तुमच्याकडे येण्याआधी तो दुसऱ्या एका संघात होता. तिथल्यांबद्दल लिहू नये असं नवरा म्हणतोय, पण राग अजून गेलेला नाही. निवड चाचणीच्या वेळी तिथल्या मुख्य माणसाने आधी पोराकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे, वरपासून खालपर्यंत. पोराच्या वाढीचा अंदाज आमच्यावरून बांधत असावा! कसंबसं घेतलं, आणि मोसमभर बाकावर ठेवलं. जरा चूक झाली की बस खाली, ते थेट सामना संपेपर्यंत. मी एकदा धीर करून विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आधी वाढू दे त्याला.’ पोरगं घरी येऊन दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायला लागलं. दर रविवारी नवी खूण, जुनीच्याच वर बसलेली.

आता त्या संध्याकाळबद्दल. वाचणाऱ्यांना हा खेळ माहीत नसेल म्हणून सांगते. तीन फॉरवर्ड, म्हणजे पुढे जाऊन गोल करणारे, एकदम बर्फावर उतरतात, जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून पळतात आणि दम लागला की बाकावर परततात. त्यांच्या जागी पुढचे तिघे. बाकामागे उभा असलेला कोच ज्याच्या खांद्याला हात लावेल, तो पुढच्या पाळीला उतरणार.

सामना बरोबरीत, शेवटची काही मिनिटं. आमच्या चिरंजीवांनी आपल्याच गोलसमोरून आडवा पास दिला. स्केटिंग शिकायच्या आधी हे करू नको म्हणून शिकवतात, तेच. समोरच्या पोराने पक, म्हणजे चेंडूऐवजीची रबरी चकती, मधेच अडवला आणि गोल केला. धाकटा बाकावर येऊन बसला, हेल्मेटची जाळी गुडघ्यांना टेकवून. पुढचं मला पाठ होतं. आता हा सामना संपेपर्यंत उठणार नाही, आणि गाडीत घरापर्यंत बोलणार नाही.

तुम्ही बाकामागून चालत आलात. नजर बर्फावरच. दोन बोटं त्याच्या खांद्यावर टेकवलीत, दोनदा. तोंडातून शब्द नाही.

त्याला इतकं खरं वाटेना की त्याने शेजारच्या पोराकडे पाहिलं, हे आपल्याला की याला? मग दार उघडायची वाट न बघता कठड्यावरून उडी मारली आणि पाय अडकून जवळजवळ तोंडावर आपटला. गोल वगैरे काही केला नाही. सामना आपण हरलोच. पण पोरगं खेळलं, आणि घरी येताना गाडीत अखंड बडबडत होतं. एवढ्या जाड पॅडवरून बोटं कळली तरी कशी, असं मी विचारलं. ‘कळली नाहीत, आवाज आला. टक टक,’ म्हणाला.

त्याच बडबडीत त्याने मला मार्टिन सँ लुईची गोष्ट सांगितली, तुमच्याकडून ऐकलेली. याच लावालचा पोरगा, 1975चा जन्म, उंची 5 फूट 8 इंच. एनएचएल ही इथली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग. तिच्या एकाही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, उचललं नाही. अमेरिकेत व्हर्मांट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला, पुढे छोट्या लीगमध्ये. शेवटी एनएचएलच्या कॅलगरी संघाने घेतलं, पण दोन मोसमांत 69 सामने आणि 4 गोल, मग करारातले पैसे देऊन मोकळा केला. 2000 साली टॅम्पा बे या दुसऱ्या संघाने त्याला उचललं. 2004मध्ये तो लीगमधला सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवणारा खेळाडू ठरला, आणि स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, सात सामन्यांच्या अंतिम फेरीत समोर कोण? कॅलगरी! सहावा सामना कॅलगरीतच, त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, हरले की टॅम्पाचा खेळ खलास. दुसरा ओव्हरटाइम सुरू होऊन 33 सेकंद झाले होते, तेव्हा गोल केला तो यानेच. सातवा सामनाही टॅम्पाने जिंकला आणि कप नेला. धाकट्याने हे सांगताना ‘कॅलगरी’ असं काही म्हटलं की मला आमचा जुना संघच दिसला. देव माझं भलं करो, मला फार बरं वाटलं.

मी नंतर स्वतः वाचत बसले. मे 2014मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळताना त्याची आई अचानक गेली. दुसऱ्या दिवशी तो पिट्सबर्गमध्ये मैदानात होता, आणि त्यानंतर दोन दिवसांनी, मातृदिनाला, त्याने गोल केला. पिट्सबर्गविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत संघ 3-1 असा मागे पडला होता, तरी ती मालिका जिंकला. हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. 2015मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर 1,033 गुण होते.

पण तुम्हाला पोरांना सांगायचा होता तो त्याच्या पुढचा भाग. फेब्रुवारी 2022मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या एनएचएल संघाने त्याला कोच नेमलं, तेव्हा लोक हसले. अनुभव काय, तर स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवल्याचा. संघ तळाला, 45 सामन्यांत 8 विजय. त्या संघात कोल कॉफिल्ड नावाचा असाच एक बुटका फॉरवर्ड होता, 30 सामन्यांत त्याचा एकच गोल झाला होता. सँ लुई आल्यावर उरलेल्या 37 सामन्यांत त्याच पोराने 22 गोल केले. पोरगा तोच, काठी तीच.

तुमची स्वतःची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनीच कळली, तीही इतर पालकांकडून. उजव्या बाजूचे फॉरवर्ड. क्वेबेकमध्ये ज्युनिअर खेळलात, मग अमेरिकेतल्या लहान शहरांच्या लीगमध्ये, रात्रभर बसचा प्रवास आणि पहाटे पोचून सराव. एनएचएलचा सामना नशिबात नव्हता. गुडघा गेला आणि संपलं. आता दिवसभर लोकांच्या घरचं हीटिंग दुरुस्त करता आणि संध्याकाळी आमची पोरं सांभाळता, फुकट. कधीतरी तुमच्या एका कोचने एका चुकीपायी तुम्हाला अख्खा तिसरा, म्हणजे शेवटचा, पीरियड बाकावर बसवलं होतं, आणि नेमके त्याच दिवशी तुमचे वडील लांबून सामना बघायला आले होते. हे ऐकलं तेव्हा त्या दोन बोटांचा अर्थ मला लागला.

ज्याला लहानपणी रागवून बसवलं, तो मोठेपणी पुढच्याला तसंच बसवतो, असंच मी जास्त पाहिलंय. ऑफिसात, सासरी, शाळेत. ‘आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा.’ हा फेरा मोडणारी माणसं फार थोडी, आणि ती कधी भाषणं देत नाहीत. आपल्याकडे अशा माणसाला ‘भला माणूस’ म्हणून दोन शब्दांत उरकतात. त्या दोन शब्दांत किती काय असतं ते मला इथे परदेशात, थंडगार पत्र्याच्या बाकड्यावर बसून कळलं.

तुम्ही काही लाडावणारे नाही, हेही लिहिते. परवा सरावात त्याने तोच आडवा पास पुन्हा दिला, तेव्हा तुमचा ओरडा वरच्या रांगेपर्यंत आला. बरं झालं. चौकटीवरच्या खुणा तीन आठवडे झाल्या नाहीत, विसरलाय बहुतेक.

पुढच्या मोसमात तो वरच्या गटात जाईल, तिथे तुम्ही नसाल. तेव्हाचं तेव्हा बघू. गुरुवारी शंकरपाळे आणते आहे. मागच्या वेळी तुमच्यापर्यंत डबा पोचायच्या आत इतर पालकांनी फस्त केला, म्हणून या वेळी तुमचा वेगळा बांधलाय. घरी नेऊनच उघडा.

तुमची आभारी,
संघातल्या सगळ्यात बुटक्या पोराची आई