फोनवरून आमच्या सर्व्हरचा आवाज ऐकणाऱ्या गृहस्थांस

स. न. वि. वि.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, ते मुद्दाम. तुमच्याखेरीज आणखी तिघांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे आणि त्यांना वेगवेगळी पत्रं लिहिण्याचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही.

आमचं तळकोकणातल्या तालुक्याच्या गावचं वाचनालय, 'ब' वर्गाचं. सर्व्हर एका ऑफिसने जुना झाला म्हणून दिलेला. त्यात सहा डिस्क, त्यांवर पुस्तकांची सगळी नोंद आणि जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं. पाऊस लागला की आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो, मग सगळं थंड. लाइट आली की मी बटण दाबायचे आणि काळ्या पडद्यावर तेच पांढरं रडगाणं यायचं: मूळ डिस्क सापडत नाही, वाट पाहणं सोडून दिलं आहे. खाली 'इनिटरॅमएफएस' आणि लुकलुकणारी रेघ. काउंटरपलीकडे पुस्तक बदलायला आलेले चार जण, आणि मी पुन्हा जुनं रजिस्टर काढून बसलेली.

दुरुस्तीला पहिले आले ते म्हणाले, डिस्क गेल्या, फॉरमॅट मारावं लागेल. दुसऱ्यांनी पॉवर सप्लाय बदलला, बिल दिलं, चालू करून दाखवलं आणि गेले; पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा पुन्हा तेच. तिसरे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, लिनक्स कशाला ठेवलंय? विंडोज टाकून देतो." तिघांनाही मी एक गोष्ट सांगितली होती. बटण दाबल्यावर पेटीतून घुंऽऽ असा आवाज चढत जातो, तो स्थिरावला की दुसरा सुरू होतो, मग तिसरा. आणि हे आवाज संपायच्या आतच पडद्यावर ते वाक्य येतं. दोघांनी मान हलवली. तिसऱ्यांनी विचारलं, "मिक्सर लावलाय का आत?" आमचा शिपाईसुद्धा हसला. मीही हसले, काय करणार.

मग आमच्या एका वाचकाने तुमचा नंबर दिला. मी घाईघाईने सगळं सांगत सुटले. तुम्ही मधे एकच प्रश्न विचारलात: "लाइट जाऊन आल्यावरच अडतो, की नुसता रीस्टार्ट केला तरी?" मी गप्प झाले. नुसत्या रीस्टार्टला तो कधीच अडला नव्हता. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही.

मग मी चाचरत आवाजाचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पूर्ण बंद करा. आता फोन पेटीला लावून धरा, चालू करा, आणि बोलू नका. मला ऐकू दे."

ताई-माई करत धीर देणारे पुष्कळ भेटतात. माझं ऐकून घेऊन वर त्या यंत्राचंही ऐकणारे तुम्ही पहिलेच. मी जमिनीवर उकिडवी बसले होते, एका हातात फोन, दुसरा हात पेटीवर, आणि पलीकडून तुम्ही हळू आवाजात आकडे मोजत होता. सात सेकंदांनी "एक." चौदाला "दोन." पाचवी डिस्क घुमत होती तेवढ्यात पडद्यावर ते वाक्य उमटलं. मी काही बोलायला गेले तर तुम्ही "शूऽऽ" केलंत. बेचाळीसला "सहा". मग म्हणालात, "तुमचं बरोबर होतं. तो यांची वाटच पाहत नाहीये." एवढ्या एका वाक्याने मला रडू फुटलं, ते तुम्हाला ऐकू गेलं असणारच, तुम्ही सौजन्याने लाइनला खरखर आहे म्हणालात.

नंतर तुम्ही समजावलंत ते मला कळलं तसं लिहिते. सुरू होताना डिस्क एरवीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून ज्याला डिस्क जोडल्या आहेत ते कार्ड सहाही जणींना एकदम न उठवता एकेक करून उठवतं. शेवटची उठल्याशिवाय ते लिनक्सला काहीच दाखवत नाही. आणि डेबियन, म्हणजे आमच्याकडचं लिनक्स, अशा वेळी सांगितल्याशिवाय तीस सेकंदच थांबतं. रीस्टार्टला डिस्क फिरतच असतात, म्हणून अडत नाही. बदललेला पॉवर सप्लाय चालला कसा, हेही उमगलं: त्यांनी खटपट करताना सर्व्हर एकदा नुसता रीस्टार्ट केला होता, तेव्हा डिस्क जाग्याच होत्या. त्या बिलाची पावती मी फाइलला लावून ठेवली आहे.

बायोसमध्ये, म्हणजे लिनक्सच्याही आधी जागं होतं त्याच्या सेटिंगमध्ये, कार्डाची सुरुवातीची तपासणी कुणीतरी बंद केली होती, नाहीतर डिस्क आधीच उठल्या असत्या. कशासाठी? 'लवकर चालू व्हावा' म्हणून! सर्व्हरची पहिली सुरुवात व्हायची ती एका वेगळ्या छोट्या एसएसडीवरून, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवरून, त्यामुळे तोवर कुणाला काही खटकायचं कारणच नव्हतं.

"आता काहीही करू नका, मिनिटभर थांबा," म्हणालात. थांबले. "एक्झिट टाइप करून एंटर." आणि समोर कोहा, आमचं पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, उघडलं. जेमतेम चार अक्षरं! पुढे ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामात, 'रूटडिले' (डिस्कची वाट पाहायचे सेकंद) नव्वद केलंत आणि माझी शंकाही ओळखलीत: नव्वद म्हणजे रोज दीड मिनिट खोळंबा नाही, डिस्क दिसली की तो लगेच निघतो. आणखी एक दुखणं होतं: बॅकअपची यूएसबी डिस्क जोडलेली नसली की सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समधल्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, दीड मिनिट ताटकळून रूटचा पासवर्ड मागायचा. तेही एफएसटॅब या डिस्कच्या यादीत एका 'नोफेल'ने (ही डिस्क नसली तरी अडू नको) मिटलं. टाइप सगळं मीच केलं, तुम्ही फक्त स्पेलिंग सांगत होता.

पैसे विचारले तर तुम्ही म्हणालात, कोहा तरी कुठे विकत घेतलंय. नंतर वाचलं की ते न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालं, जानेवारी २००० मध्ये चालू झालं, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, तीही परतफेडीची आठवण ठेवून दिलेली. तेव्हा पत्ता कळवा. कोकमं वाळली आहेत, आगळही आहे.

आपली,
एक ग्रंथपाल

ता. क. परवा रात्री लाइट गेली, सकाळी आली. बटण दाबून मी मोजत उभी राहिले. शिपायाने विचारलं, काय करताय? मी म्हटलं, बोलू नको. बेचाळीसला सहावी उठली. ग्रबच्या त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवली आहे, माझ्यानंतर येणाऱ्यांसाठी: "डिस्क उशिरा उठतात. ही ओळ काढू नये. शंका असल्यास पेटीला कान लावावा."