बाबू, पैसे कुठून आणलेस

अस्सलामु अलैकुम बाबू,

फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय. एवढं लांब टाइप करायला मला वेळ लागतो, तुझी बहीण म्हणते आवाज रेकॉर्ड करून पाठव, पण आवाजात मी रडेन आणि मग तू अर्ध्यातच बंद करशील. तर वाच. एकदम नाही झालं तरी थोडं थोडं वाच.

तुझी कंपनी बंद झाली ते आम्हाला कळलंय. कोणी सांगितलं विचारू नकोस, आपल्याकडची अर्धी पोरं शारजा-दुबईला आहेत, तिकडे कोणी शिंकलं तरी इकडे श्रीवर्धनच्या बाजारात कळतं. राग नाही आलेला. अब्बा पण रागावले नाहीयेत, फक्त गप्प झालेत, दुपारच्या असरच्या नमाजनंतर सुपारीच्या वाडीत जाऊन बसतात ते सूर्य बुडाल्यावर मगरिबलाच येतात. पण पगार बंद, आणि घरी पैसे आले नेहमीच्या तारखेला, नेहमीएवढेच, एक रुपया कमी नाही. ते बघून पोटात गोळा आला माझ्या. कुठून आणलेस?

बरं ते राहू दे, नंतर बोलू. तू फोन ठेवायच्या आधी जे बोललास ना ते डोक्यातून जात नाही. मी म्हटलं दुआ कर, तर म्हणालास पगार चालू होता तेव्हा पहाटेची फजरची नमाज सुटायची, कधी शुक्रवारचा जुम्मा पण सुटला, आता नोकरी गेल्यावर कुठल्या तोंडाने मागू. अरे, अल्लाह काय तुझ्या कंपनीचा एचआर आहे का, हजेरी बघून पगार काढणारा? नमाज सुटली ते वाईटच, त्याची तौबा कर, ते वेगळं. पण मागायचं थांबवू नकोस. आपल्या नबी मुहम्मदांनी (स.) सांगितलंय की तुमचा रब हया असलेला आणि करीम आहे, बंदा हात वर करतो तेव्हा ते रिकामे परत पाठवायची त्यालाच लाज वाटते. त्याला वाटते, आणि तू तिकडे बेड स्पेसवर, भाड्याच्या एका खाटेवर, तोंड लपवून बसलायस.

आणि नबींनी (स.) सांगितलेली ती सुईवाली हदीस आठवते का तुला? अल्लाह म्हणतो की तुमच्यातले पहिले आणि शेवटचे, माणसं आणि जिन्न, सगळे एका मैदानात उभे राहून मागायला लागले आणि मी प्रत्येकाला मागेल ते दिलं तरी माझ्याकडचं तेवढंच कमी होईल जेवढं सुई समुद्रात बुडवून काढल्यावर समुद्राचं होतं. मदरशात शिकून आलास आणि मला घेऊन गेलास जीवना बंदरावर, माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई खिशात घालून. बुडवलीस, बाहेर काढलीस, आणि म्हणालास अम्मी, सुईला जे पाणी चिकटलंय ते पण झटकून परत टाकलं तर? मला उत्तर आलं नव्हतं. घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले होते मी, माझा मुलगा काय विचारतो बघा.

नबी मूसा अलैहिस्सलाम आठव. कुरआनच्या सूरह कससमध्ये आहे. हातून माणूस मेला होता त्यांच्या, मिसर म्हणजे इजिप्तमधून पळून आले, मदयनला पोचले तेव्हा ना घर, ना काम, ना ओळखीचं कोणी. तुझ्यासारखेच परक्या मुलुखात. विहिरीवर दोन मुली आपली बकऱ्या-मेंढरं घेऊन बाजूला थांबलेल्या, त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं, मग सावलीत जाऊन बसले आणि म्हणाले, रब्बि इन्नी लिमा अन्ज़ल्त इलय्य मिन ख़ैरिन फ़क़ीर. या रब, तू जे काही चांगलं माझ्याकडे उतरवशील त्याचा मी मोहताज, गरजवंत आहे. बघ, नोकरी दे, घर दे, बायको दे असं नाही म्हणाले, काय हवंय ते त्याच्यावरच सोडलं. आणि काय मिळालं? त्यातलीच एक मुलगी लाजत लाजत बोलवायला आली, तिच्या वडलांनी घर दिलं, लग्न लावून दिलं आणि आठ वर्षांची नोकरी, वाटलं तर दहा. असं कॉन्ट्रॅक्ट तुमच्या तिकडे कोण देतो? ही दुआ पाठ नसेल तर बहिणीला सांगते ती रेकॉर्ड करून पाठवेल.

पण मूसांनी (अ.) सावलीत बसून कोणाकडून व्याजाने नाही उचलले हं.

आता तू म्हणशील अम्मी लेक्चर द्यायला लागली. लागलेय खरी, माफ कर. तुझ्या वयाच्या मुलाला हे सांगायचं नसतं, मला कळतं. पण तू माझा असा मुलगा आहेस जो मी मागून घेतलाय. लग्नाला किती वर्षं झाली तरी पाळणा नाही, दादी काही बोलायची नाही पण तुझ्या फुफूच्या, आत्याच्या घरच्या बायका बोलायच्या, आणि मी मध्यरात्री तहज्जुदच्या नमाजला उठून नबी जकरिया अलैहिस्सलामांची दुआ करायचे. ते तर म्हातारे झालेले, हाडं कमजोर झाली म्हणतात, डोकं पांढरं झालं म्हणतात, बायको वांझ, आणि तरी पुढे काय म्हणतात माहितेय? या रब, तुझ्याकडे मागून मी कधी बदनसीब राहिलो नाही. हे बोलताना मूल अजून मिळालेलं नव्हतं त्यांना! मागच्या देण्याच्या भरवशावर पुढचं मागितलं. तेच तू कर. तुझ्याकडे मागच्या काय कमी गोष्टी आहेत.

3 जून 2020 आठव. निसर्ग वादळ. तू तिकडे अडकलेला, कोविडमुळे विमानं बंद, आणि इकडे आपली सगळी सुपारी आडवी, छपराचे पत्रे शेजारच्या वाडीत, लाइट नाही, फोन नाही. तुला तर आम्ही आहोत की नाही तेच कळत नव्हतं. दादीने त्या संध्याकाळी पोत्यातला भिजलेला तांदूळ सगळा काढायला लावला, म्हणाली ठेवला तर सडेल, शिजवा आणि आजूबाजूला वाटा. मी मनात म्हटलं उद्या आपण काय खाणार. खाल्लं की, दुसऱ्या दिवशी पण खाल्लं. मग तू पत्र्यांचे पैसे पाठवलेस, रोपं आणायला पाठवलेस. त्या रोपांना आता सुपारी धरलीय बाबू, अब्बा जाऊन बसतात ते त्यांच्याखालीच. तुझ्या बहिणीचं लग्न तू केलंस. मोहल्ल्यात अब्बा मान वर करून चालतात ते तुझ्यामुळे, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही.

म्हणूनच भीती वाटते. तुला वाटतं पैसे पाठवले तरच तू आमचा मुलगा. आणि तसंच तुला वाटतं पगार होता तेव्हा अल्लाह खूश होता, आता नाराज आहे. सूरह फज्रमध्ये हीच गोष्ट आहे, माणसाला दिलं की म्हणतो माझ्या रबने मला इज्जत दिली, रोजी आखडली की म्हणतो मला जलील केलं. आणि पुढचाच शब्द आहे कल्ला, म्हणजे अजिबात नाही. देणं पण आजमाइश, परीक्षाच, आखडणं पण.

दुआ केली आणि लगेच नोकरी नाही लागली तर काय, ते पण सांगितलंय नबींनी (स.). तीनपैकी एक होतंच, मागितलं ते मिळतं, नाहीतर मेल्यानंतरच्या आखिरतसाठी जमा राहतं, नाहीतर तेवढीच एखादी मुसीबत टळते. सहाबा, म्हणजे नबींचे सोबती, म्हणाले मग तर आम्ही खूप मागू. उत्तर काय मिळालं, अल्लाह त्याहून जास्त देणारा आहे. मला हे फार आवडतं, ते लोक कसे हिशेब करून खूश झाले असतील.

आता परत तेच विचारते, टाळू नकोस. नबी (स.) नमाजमध्ये कर्जापासून पनाह, म्हणजे बचाव, मागायचे. कोणी विचारलं एवढी का मागता, तर म्हणाले माणूस कर्जात पडला की बोलतो ते खोटं बोलतो आणि वायदा करतो तो मोडतो. तू फोनवर मला म्हणालास ऑफिसमध्ये आहे, नंतर करतो. कुठलं ऑफिस?

कोणाकडून घेतलेस? व्याजाने घेतलेस का? गावातल्या कोणाकडून हातउसने घेतले असतील तर हरकत नाही, ते अब्बा बघतील. पण तिकडच्या कुठल्या माणसाकडून महिन्याच्या टक्क्यावर असतील तर आजच सांग, कारण ते महिन्याला वाढतात आणि तू सांगायला लाजशील तेवढे जास्त वाढतात. माझ्या बांगड्यांचं मी ठरवलंय, त्यावर वाद नको. आणि तेवढ्याने नाही भागलं तर मोहल्ल्याच्या जमातमध्ये बोलायला मी जाईन. जकातीचे, म्हणजे कमाईतून गरजूंसाठी काढायच्या हिश्शाचे, जे आठ हकदार कुरआनमध्ये सांगितलेत त्यात कर्जात बुडालेला माणूस पण आहे, अल्लाहनेच त्याचा हिस्सा ठेवलाय. तू इतकी वर्षं जकात देत आलास, घ्यायची वेळ आली तर ती पण त्याच्याच घरची. तुला हे वाचून कसंतरी होईल. होऊ दे.

परत यायचं असेल तर ये. दादीला काय सांगायचं ते मी बघते. इथे काम शोध, नाही मिळालं तर वाडीत अब्बांसोबत बस, त्यांना पण कोणीतरी हवंय.

पुढच्या महिन्यात पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर मी परत पाठवेन, कसे पाठवतात ते बहिणीकडून शिकून घेईन. मला फक्त दोन गोष्टी लिही, किती घेतलेत तो आकडा, आणि पासपोर्ट तुझ्याकडेच आहे की पैसे देणाऱ्याकडे ठेवलायस.

तुझी अम्मी