फॅनचा स्विच चालू करायला असावा, बंद करायला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी सुचवलंय की, घाटात गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या (इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) फॅनला डॅशबोर्डवरून थेट स्विच द्यावा आणि थर्मोस्विचची, म्हणजे पाणी तापलं की फॅन आपोआप चालू करणाऱ्या स्विचची, कटकटच काढून टाकावी. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मला पटतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी हे पत्र. मी वाईत गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. कटकट काढून टाकलेल्या गाड्या मे महिन्यात वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटाच्या वरच्या वळणांवर बॉनेट उघडून उभ्या असतात, आणि संध्याकाळी टो होऊन आमच्या दारात येतात.

आधी घाटात गाडी तापते का, ते. वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, पण चढण सहाशे मीटरच्या आसपास. सगळी वाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन जोरात फिरतंय, पेट्रोल भरपूर जळतंय, आणि गाडीचा वेग वीस-पंचवीस. हायवेवर ऐंशीच्या वेगाला समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, तिथे फॅन लागतच नाही म्हटलं तरी चालेल. घाटात तो वारा नसतो. त्यात सुट्टीच्या दिवशी पाचगणीच्या तोंडाशी असलेल्या दांडेघर नाक्यापासून खाली रांग लागली की उरतो एकटा फॅन.

जुन्या फियाट, अँबॅसिडरला हा प्रश्न नव्हता. त्यांचा फॅन वॉटर पंपाच्या शाफ्टवर, पट्ट्यावर चालायचा. इंजिन फिरतंय तोवर फॅन फिरणार. पट्टा तुटलाच तर त्याच पट्ट्यावरचं चार्जिंगही बंद पडायचं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा, म्हणजे ड्रायव्हरला कळायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं. पुली बाजूच्या चाकाकडे तोंड करून, रेडिएटर मात्र समोर. पट्ट्यावरचा फॅन तिथे बसणार कसा? म्हणून इलेक्ट्रिक मोटर, आणि तिला कधी फिरायचं ते सांगायला थर्मोस्विच. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांची हीच तऱ्हा आहे, फक्त सांगण्याचं काम आता ईसीएमकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे गेलंय.

थर्मोस्विच म्हणजे पितळी बोल्टासारखी वस्तू, आत दोन धातूंची चकती. पाणी साधारण ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान गेलं की चकती पलटते, फॅनची अर्थ (बॅटरीच्या मायनसची बाजू) जोडली जाते आणि फॅन फिरतो; चार-पाच अंश उतरलं की परत सुटते. साधी वस्तू आहे आणि बरीच वर्षं चालते. बिघडते ती बहुधा पाण्यामुळे. बोअरचं पाणी भरून भरून तिच्यावर क्षारांचा थर बसतो, किंवा पाणी बदलताना हवा नीट काढलेली नसते आणि नेमकी स्विचपाशी हवा अडकते. मग पाणी उकळतंय आणि स्विचला त्याचा पत्ताच नाही. अशा वेळी मालकाला वाटतं, आपल्या हातात एखादं बटण असतं तर! ही इच्छा चुकीची नाही. असं बटण मी बसवून देतो आणि माझ्या स्वतःच्या गाडीतही आहे.

आता दुसरा अर्धा भाग. गेल्या उन्हाळ्यात एक जुनी पेट्रोल हॅचबॅक आली होती. स्टिअरिंगच्या खाली दोन स्क्रूंनी घरातला पांढरा पियानो स्विच ठोकलेला. त्याचं प्लास्टिक एका कडेने तपकिरी झालेलं. तिथून स्पीकरला वापरतात तसली बारीक वायर पत्र्याच्या भोकातून इंजिनकडे गेलेली, भोकाला ग्रॉमेट (रबरी कडं) नाही, त्यामुळे पत्र्याच्या धारेने वायरचं कातडं अर्धं सोललेलं. बॅटरीच्या प्लसपासून स्विचपर्यंत एकही फ्यूज नाही. आणि थर्मोस्विचचा कनेक्टर कापून, टेप गुंडाळून बाजूला लोंबत ठेवलेला.

मालक म्हणाले, "मिस्त्री, दोन वर्षं काही त्रास नव्हता हो. काटा वर गेला की मी स्विच टाकतो, खाली आला की काढतो."

"मग आज काय झालं?"

"आज मंडळी चालवत होत्या."

त्यांच्या पत्नीला स्विच असतो हे माहीत होतं, पण कधी टाकायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या सरळ घाट चढत गेल्या. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याखालचं पॅकिंग) गेलं, हेड वाकलं, आणि फेसिंग करायला, म्हणजे घासून सपाट करायला, हेड साताऱ्याला पाठवावं लागलं. बाई बिचाऱ्या तोंड पाडून बाकावर बसलेल्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, यात तुमची काही चूक नाही. गाडीला स्वतःची काळजी घेता येत होती, ती कुणीतरी कापून ठेवली."

माझं म्हणणं एवढंच आहे. हा स्विच फॅनला 'चालू हो' म्हणण्यासाठी असावा. 'बंद' या जागेवर त्याचा अर्थ फॅन बंद असा होता कामा नये, 'गाडीला ठरवू दे' असा व्हायला हवा. ड्रायव्हर विसरेल, गप्पा मारेल, गाडी मेहुण्याला देईल. थर्मोस्विच यातलं काही करत नाही. तो बिघडला असेल तर बदलावा आणि आपलं बटण त्याच्या जोडीला, समांतर द्यावं. दोघांपैकी कुणीही सांगितलं तरी फॅन फिरला पाहिजे.

हे करायचं कसं, तेही लिहितो, कारण त्या गृहस्थांच्या पत्रातला 'दहा मिनिटांचं काम' हा शब्दप्रयोग वाचून कुणी पियानो स्विच आणायला निघालं असेल. छोट्या गाडीच्या फॅनची मोटर शंभर वॅटच्या आसपास, म्हणजे फिरताना आठ-दहा अँपिअर ओढते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरातला स्विच सहा अँपिअरचा, तोही एसी करंटसाठी. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येत नाही. ठिणगी ताणली जाते आणि स्विचच्या आतले पॉइंट जाळते. ते तपकिरी प्लास्टिक त्याचंच.

म्हणून मध्ये रिले हवा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हेडलाइटला, हॉर्नला वापरतात तोच बारा व्होल्टचा चार पिनांचा. पिनांना नंबर असतात: ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० आणि ८७ मोठ्या करंटच्या. त्याच्या कॉइलला दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो, तेवढाच डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो, आणि तिथवर बारीक वायर पुरते. मोटरचा करंट इंजिनपाशीच राहतो, केबिनमध्ये येतच नाही. ज्या जुन्या गाड्यांत थर्मोस्विच अर्थच्या बाजूला आहे (टेस्ट लॅम्प लावून आधी खात्री करा, अंदाजाने चालू नका), तिथे मी रिलेची ८७ नंबरची पिन फॅन आणि थर्मोस्विच यांच्यामधल्या वायरला जोडतो आणि ३० नंबर थेट चांगल्या अर्थला, अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरने. ८६ ला इग्निशनचा प्लस, छोट्या फ्यूजमधून. ८५ स्विचमधून अर्थला. मूळ वायर कुठेही कापायची नाही. कंपनीने फॅनला दिलेला फ्यूज जसाच्या तसा राखणीला राहतो. गाडीत आधीच फॅनचा रिले असेल तर काम आणखी सोपं: त्याच्या कॉइलच्या अर्थला आपल्या स्विचची अर्थ जोडली की झालं.

प्लस इग्निशनवरूनच घ्यावा. बॅटरीवरून घेतला आणि स्विच चालू राहिला, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार तासांत बसते. पाचगणीला जेवून, पॉइंट बघून माणूस परततो तेव्हा सेल्फ मारायला काही उरलेलं नसतं. स्विचमध्ये पिवळा दिवा असावा, नाहीतर स्विच महिनाभर चालूच राहतो. तसा राहिला म्हणून इंजिन गारठत नाही, थर्मोस्टॅट (पाणी गार असेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) ती काळजी घेतो. झिजतात ते मोटरचे ब्रश. (थर्मोस्टॅटच काढून फेकणाऱ्या मिस्त्रींबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.)

वापराबद्दल एक सांगतो. काटा लाल रेघेला टेकल्यावर स्विच टाकण्यात फारसा अर्थ नाही. पसरणी गाव सोडलं, चढण लागली की टाका. वर पोहोचल्यावर लगेच चावी काढू नका. फॅन चालू ठेवून दोन मिनिटं इंजिन आयडलवर राहू द्या. चावी काढली की वॉटर पंपही थांबतो आणि हेडमधलं पाणी जागच्या जागी तापत राहतं.

नव्या गाड्यांना मात्र हात लावू नका असंच सांगेन. त्यांत पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर ईसीएमला पाच व्होल्टच्या वायरवर बातमी देतो. तिथे कुणी बारा व्होल्ट टोचले तर हजारांचं नुकसान दोन सेकंदांत होतं. वॉरंटीचा वाद निघतो तो वेगळाच. बऱ्याचशा गाड्यांत सेन्सर निकामी झाला तर ईसीएम स्वतःच फॅन चालू ठेवतो, आणि एसी लावला तरी फॅन सुरू होतो. एसी लावण्याचा हा उपाय पुष्कळांना ठाऊक असतो, पण चढावर तो इंजिनावर ओझंही टाकतो. त्यापेक्षा हीटर पूर्ण गरम करून काचा उघडा. हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो. घाम येईल, पण गाडी वर जाईल.

या लोकांना स्विच का हवासा वाटतो, हेही गाडी बनवणाऱ्यांनी समजून घ्यावं. आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही. गार असताना निळा दिवा, उकळायला आल्यावर लाल. मधलं काही नाही. पूर्वी काटा अर्ध्याच्या वर सरकताना दिसायचा, माणूस वेळेवर कडेला घ्यायचा. टचस्क्रीनवर गाणी दिसतात, पाणी किती तापलंय ते दिसत नाही. स्क्रीन देता तर त्यावर एक आकडा द्यायला किती खर्च येतो?

जुलैत मुंबईची गिऱ्हाईकं उलटी मागणी घेऊन येतात: पाणी साचलेल्या रस्त्यात फॅन बंद करायचा स्विच द्या. मागणीत तथ्य आहे. फिरता फॅन पाण्यात बुडाला की पाती पुढे वाकतात आणि कधीकधी रेडिएटरची जाळी कापतात. पण इतक्या पाण्यात गाडी घालूच नये, हे माझं पहिलं उत्तर. जीपवाल्यांना नदी-ओढ्यातून जावंच लागतं, त्यांना मी दारावरच्या बेलसारखं बटण देतो. बोटाने दाबून धराल तेवढाच वेळ फॅन बंद, बोट काढलं की कारभार परत थर्मोस्विचकडे. खटका पडून बंद राहणारा स्विच मी कुणालाही देत नाही, भांडले तरी.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांवर आहे. फॅनच्या रिलेने आरसी बुकातलं काही बदलत नाही. पण उघड्या वायरीने गाडी पेटली तर विमा कंपनीचा माणूस तीच वायर आधी शोधेल, एवढं ध्यानात ठेवा.

शिवाय स्विच हा औषध नाही. रेडिएटरच्या जाळीत गवत, चिखल, किडे भरले असतील तर फॅन फिरून काय उपयोग? रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा. ०.९ बारचा दाब धरणारं धड झाकण असेल तर समुद्रसपाटीला पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलेलं असेल तर पाचगणीच्या उंचीवर ते ९६ च्या आसपासच उकळतं, म्हणजे काही गाड्यांचा फॅन सुरू होण्याआधी. मोटर बदललेली असेल तर वायरी उलट्या लागून फॅन उलटा फिरत नाही ना, ते बघा. फॅन चालू करून रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा, चिकटला तर ठीक. आणि गाडी गरम असताना झाकण उघडायचं नाही. दरवर्षी कुणीतरी हात-तोंड भाजून घेतंच.

सोबत जोडणीचं हाताने काढलेलं चित्र पाठवत आहे. जागा असेल तर छापावं. त्यात ३० नंबर अर्थला गेलेला पाहून कुणी चूक समजू नये, रिलेच्या कॉन्टॅक्टला दिशा नसते. ८५ आणि ८६ मात्र दाखवलेत तसेच लावावेत. साध्या रिलेत ते उलटे झाले तरी चालतं, पण आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले हाती आला आणि हे दोन उलटे लागले, तर स्विच टाकताक्षणी फ्यूज जाईल आणि दोष माझ्या चित्राला लागेल.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, वाई (जि. सातारा)