उद्यानातला सभामंडप आणि न पाळलेला शब्द : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : सार्वजनिक उद्यानाच्या जागेवर सार्वजनिक निधीतून झालेले धार्मिक बांधकाम हटवण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. आमच्या वसाहतीतल्या महापालिकेच्या उद्यानात गेल्या महिन्यात एका सभामंडपाचे लोकार्पण झाले. ज्या जागेवर तो उभा आहे ती विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित आहे. तिथले मूळ बांधकाम अनधिकृत असल्याचे महापालिकेने मला लेखी कळवलेले आहे आणि 'पोलीस बंदोबस्त उपलब्ध होताच निष्कासनाची कार्यवाही करण्यात येईल' असे आश्वासन असलेले, जावक क्रमांक व सही-शिक्क्याचे पत्र माझ्या हाती आहे. त्या दिवशी बंदोबस्त खरोखरच आला होता, पण तो लोकार्पणाच्या पाहुण्यांसाठी होता. ज्या कार्यालयाने मला हे पत्र दिले, त्याच कार्यालयातले अधिकारी मांडवात पहिल्या रांगेत बसलेले मी पाहिले. त्यानंतर आणखी एक अर्ज त्याच टेबलावर ठेवण्याची माझी इच्छा उरली नाही, म्हणून हे पत्र आपल्याला आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे.

हे एका दिवसात घडले नाही, हे आपण समजून घ्यावे. उद्यानाच्या कोपऱ्यात एक जुना औदुंबर आहे. त्याच्या बुंध्याशी कोणीतरी दत्तगुरूंची तसबीर टेकवून ठेवली, त्याला कोणाचीच हरकत नव्हती आणि माझीही नव्हती. मग झाडाभोवती पार बांधला गेला, पारावर संगमरवरी फरशी आली, पादुका आल्या, वर पत्रे आले, पत्र्यांखाली लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप आले, कुलपाशेजारी दानपेटी आली आणि दानपेटीमागोमाग मंडळाचा फलक आला. उद्यानाच्या दिव्याच्या खांबावरून वायर ओढून वीज घेतली गेली. माळीकाकांची खोली पूजेच्या साहित्यासाठी लागते म्हणून त्यांचे खुरपे, पाण्याचा पाइप आणि खताची पोती बाहेर काढली गेली, ती आजही उघड्यावर भिजत पडलेली आहेत. आरतीच्या वेळी आवाज नको म्हणून झोपाळ्याच्या साखळ्या वर गुंडाळून ठेवतात. सी-सॉ तर बोल्ट काढून भिंतीला टेकवून ठेवला आहे, कारण तो होता तिथे आता मंडपाचा खांब आहे.

या प्रत्येक टप्प्यावर मी कळवले आहे. छायाचित्रे जोडून कळवले, माहितीच्या अधिकारात विचारले, अपील केले, सुनावणीला जाऊन बसले. प्रत्येक वेळी उत्तराची भाषा तीच होती : नोंद घेण्यात आली आहे, संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे, नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. वर नुसते पत्रे होते तेव्हा ते एका सकाळीत उतरवता आले असते. आज तिथे काँक्रीटचा स्लॅब आहे, आणि मला सांगितले जाते की आता लोकांच्या भावना गुंतलेल्या आहेत. महोदय, त्या भावना गुंतेपर्यंत वाट कोणी पाहिली?

माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण कार्यालयातल्या कोणालाही ती ऐकायची नव्हती. माझ्या पतींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा पाय ओढत, वॉकर धरून ते चालतात. रोज सपाट जागेवर चालल्याशिवाय पाय सुधारणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आमच्या रस्त्याला पदपथ नावालाच आहे, त्यावर दुचाक्या उभ्या असतात. सपाट, बिनवाहनांची, मध्ये बसायला बाक असलेली अशी एकच जागा आम्हाला होती, ती म्हणजे उद्यानातली चालण्याची वाट. सभामंडपाच्या पायरीने ती वाट मधोमध तोडली. काम चालू असतानाच, संध्याकाळी दिवा बंद असताना, वॉकरचे पुढचे पाय त्या पायरीवर अडकून ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. ज्या हाताच्या आधारावर माणूस उभा होता, तोच हात प्लास्टरमध्ये गेला. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसवली, घरातली शिल्लक गेली, आणि त्याहून मोठे नुकसान असे की आता ते घराबाहेर पडायलाच घाबरतात. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा समोरचे अधिकारी म्हणाले, "ताई, देवाच्या दारात पडलेत, देवच बरं करेल." मी त्या टेबलापाशी रडले, हे मी लपवत नाही.

आणि मंडपाच्या खांबावर फलक आहे : लोकप्रतिनिधींच्या स्थानिक विकास निधीतून, अंदाजे रक्कम चौदा लाख रुपये. कागदावर या कामाचे नाव 'उद्यानात बहुउद्देशीय सभामंडप बांधणे' असे आहे. त्या मंडपात आजवर आरती, पारायण आणि महाप्रसाद यांखेरीज दुसरा एकही उद्देश पार पडलेला नाही. वसाहतीतल्या महिला बचत गटाने बैठकीसाठी जागा मागितली, तेव्हा मंडळाने सोवळ्याचे कारण सांगून नकार दिला. म्हणजे जागा महापालिकेची, पैसा करदात्यांचा, वीज महापालिकेची, आणि किल्ली एका खासगी मंडळाकडे. एका प्रभागात चौदा लाख, तर शहरातल्या सगळ्या प्रभागांत मिळून किती कोटी होतात, याचा हिशेब आपल्या खात्याने एकदा तरी मांडावा. सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट, संरक्षक भिंत अशा नावांखाली हा पैसा गावोगाव जातो, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? खासदार निधीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर धार्मिक स्थळांच्या आवारातल्या कामांना स्पष्ट मनाई आहे. जो दंडक दिल्लीच्या निधीला आहे, तो इथल्या निधीला लावण्यात आपल्याला कोणती अडचण आहे?

कायदा संदिग्ध आहे, असे कृपया सांगू नये. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी स्पष्ट आदेश दिला की मंदिर, चर्च, मशीद, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने सार्वजनिक रस्त्यावर, उद्यानात किंवा अन्य सार्वजनिक जागी अनधिकृत बांधकाम करू नये आणि करू देऊ नये. त्याच्या पालनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आणि त्यांनी मुख्य सचिवांना अहवाल द्यावा असे सांगितले. आधीच्या बांधकामांचा प्रकरणनिहाय विचार करण्याची मुभा राज्यांना ठेवली. आपल्या राज्याने २०११ मध्ये शासन निर्णय काढून कोणती बांधकामे नियमित करायची, कोणती हलवायची आणि कोणती पाडायची, याचे धोरण ठरवले. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय देखरेखीसाठी उच्च न्यायालयांकडे सोपवला. आमच्या उद्यानातला पार या २००९ च्या तारखेनंतरचा आहे. त्या वेळची छायाचित्रे माझ्याकडे आहेत आणि त्यांत औदुंबराभोवती फक्त माती दिसते. त्यामुळे इथे कोणताही 'प्रकरणनिहाय विचार' करायचा उरलेला नाही, आणि तरीही ते बांधकाम हटवण्याऐवजी वाढवण्यासाठी सरकारी पैसा दिला गेला.

जुने आणि नवे यांतला फरक मला कळतो. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईच्या गावठाणांतून लोकांनी जे क्रूस उभारले, त्यांच्याभोवती रस्ते नंतर आले. एखादे ग्रामदैवत वेशीवर शतकांपासून आहे आणि शहर त्याच्यापर्यंत येऊन पोचले, तर त्याचा विचार वेगळा व्हायला हवा. पण मोकळी जागा हेरून, रात्रीत सिमेंट ओतून, वर झेंडा लावून जे उभे राहते, त्याला ही सवलत मागण्याचा अधिकार नाही.

मला वसाहतीत विचारले जाते, "त्यांचं चालतं, मग आपलंच का दिसतं तुम्हाला?" आमच्या मागच्या गल्लीत एका दर्ग्याच्या कुंपणभिंतीने पदपथ गिळला आहे. त्याचीही तक्रार मी केली आहे आणि त्याचेही उत्तर शब्दशः हेच आले आहे. तिकडचे लोक मला एका पक्षाची समजतात, इकडचे दुसऱ्या पक्षाची. माझ्या घरी देव्हारा आहे, सासूबाईंपासून चालत आलेली एकादशी मी करते, गुरुवारी दत्ताचे नाव मीही घेते. माझ्या दाराला काळे फासू असे सांगायला आलेली मुले माझ्या डोळ्यांसमोर त्याच झोपाळ्यावर खेळून मोठी झालेली आहेत. हे ज्या व्यवस्थेने घडवले, तिच्याविषयी माझ्या मनात आता आदर उरलेला नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

कारण ही गोष्ट एका उद्यानापुरती नाही. राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदाने सांगितले आहे की ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवले आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. हजच्या अनुदानाच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्या कामी जात असेल तरच या अनुच्छेदाचा भंग होतो. न्यायालयाचा मान राखून मी म्हणते की मला हे पटत नाही; तत्त्वाचा भंग रकमेवर मोजता येत नाही. पुढे न्यायालयानेच ते अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले आणि २०१८ मध्ये सरकारने ते बंद केले. तेव्हा करदात्यांचा पैसा यात्रेला का, असे विचारणारे सगळे योग्यच विचारत होते. तोच प्रश्न सभामंडपाला विचारला की तो धर्मद्रोह कसा होतो?

सोमनाथाच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला तेव्हा गांधीजींनी सुचवले की सरकारी तिजोरीतून पैसा घेऊ नये, लोकांनी वर्गणी काढावी. सरदार पटेलांनी ते मान्य केले आणि विश्वस्त मंडळाने देणग्यांतून काम केले. घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली. त्या सभागृहात श्रद्धावान सदस्यांची कमतरता नव्हती, तरी ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती फेटाळली गेली. हृदयनाथ कुंझरूंसारख्या सदस्यांचे म्हणणे असे होते की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सामूहिक मत लादू नये. फाळणीच्या जखमा ओल्या असताना त्या माणसांना हे धैर्य होते. आज आपल्या शासनाला एका उद्यानातली पायरी काढण्याचे धैर्य नाही. शाळा आणि सरकारी कार्यालयांतून देवदेवतांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक २०१७ मध्ये याच राज्यात निघाले आणि विरोधाचा आवाज उठताच मागे घेतले गेले. ज्या शासनाला स्वतःच्या सहीचा कागद टिकवता येत नाही, त्याच्या कागदावर भरवसा ठेवून आम्ही वर्षानुवर्षे खेटे घालतो, आणि प्रत्येक पक्षाचे सरकार आम्हाला त्याच जिन्यावरून खाली पाठवते.

कुठलाही पक्ष यात निराळा नाही. विरोधात असताना जे अतिक्रमणावर भाषणे देतात, ते सत्तेत आल्यावर कोनशिलेवर नाव घालून घेतात. अधिकाऱ्याने हातोडा उचलला तर त्याची बदली होते, उचलला नाही तर बढती होते. पथारीवाल्याची हातगाडी मात्र कोणत्याही नोटिशीशिवाय उचलली जाते, तिथे बंदोबस्त लगेच उपलब्ध असतो. हा भेद काय सांगतो, हे आपण जाणताच.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. उद्यानातले हे बांधकाम हटवून चालण्याची वाट, झोपाळे आणि माळ्याची खोली पूर्ववत करावी. औदुंबर आणि त्याखालची तसबीर राहू द्यावी, तिने कोणाची वाट अडवलेली नाही. अनधिकृत ठरलेल्या बांधकामावर निधी मंजूर करणाऱ्यांकडून तो खर्च वसूल करावा. आपल्या खात्याच्या अखत्यारीतल्या प्रत्येक महापालिकेने आणि नगरपालिकेने २९ सप्टेंबर २००९ नंतर सार्वजनिक जागेवर उभ्या राहिलेल्या सर्व धर्मांच्या बांधकामांची यादी, त्यांवर झालेल्या सरकारी खर्चासह, संकेतस्थळावर लावावी. आणि मला दिलेल्या लेखी आश्वासनाचे काय झाले, याचे उत्तर त्याच कार्यालयाच्या सहीने, कारणांसह मिळावे.

ते उत्तर महिनाभरात आले नाही, तर महापालिकेचे पत्र, लोकार्पणाची छायाचित्रे, निधीच्या फलकाचा फोटो आणि पतींच्या शस्त्रक्रियेचे कागद जोडून मी उच्च न्यायालयात याचिका दाखल करणार आहे. वकिलांशी बोलणे झाले आहे. शासनाला प्रतिवादी करावे लागेल, म्हणून ही आगाऊ कल्पना.

आपली,
एक करदाती नागरिक