दिसते तेच काय सांगता?

पावसाळा सुरू झाला की वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी गुडघाभर पाण्यात उभे राहून 'इथे पाणी साचलेलं आहे' असे सांगू लागतात. पडद्यावर ते दिसतच असते. हातच्या काकणाला आरसा कशाला?

फ्रेंचांनी अशा बोलण्याला 'लापालिसाद' हे नावच दिले आहे. जाक द ला पालिस हा सेनानी १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत मारला गेला. पुढे त्याच्यावरच्या गाण्यात 'मरणाच्या पाव तास आधी तो जिवंत होता' अशा अर्थाची ओळ रूढ झाली आणि एका शूर माणसाचे नाव कायमचे या दोषाला चिकटले. हा अन्यायच म्हणायचा. आपल्याकडचे पिष्टपेषण, चर्वितचर्वण हे शब्द तेच ते पुन्हा उगाळणाऱ्यांसाठी आहेत.

प्रेक्षकाला हवी असते ती डोळ्यांना न दिसणारी माहिती. पाऊस किती मिलिमीटर झाला? हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार धरतो, हे किती जणांना सांगितले जाते? भरती किती वाजता आहे, कोणत्या मार्गावरची लोकल बंद आहे, शाळेतून मुलांना कधी आणायचे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा घरी वाट पाहणाऱ्यांना हीच माहिती हवी होती. वाहिन्यांच्या संपादकांनी या पावसाळ्यापासून तरी ती आधी द्यावी.

– एक वाचक, कुर्ला